‘किती पडली?’

नवी गाडी घेतलेल्या मराठी माणसाला ‘किती पडली?’ असं विचारून पाहा. उत्तर आकड्याने सुरू होत नाही, आधी प्रस्तावना येते. जुनीचं फार काम निघायला लागलं होतं. एक्स्चेंजला बरा भाव मिळाला. आईचे गुडघे दुखतात, तिला खोल सीटवरून उठता येत नाही. पाडव्याला स्कीम होती, नंतर भाव वाढणार होते. मुलांनी डोकं खाल्लं. एवढं सगळं सांगून झाल्यावर आवाज जरा खाली येतो आणि आकडा बाहेर पडतो, तोही एक्स-शोरूम. ऑन-रोड किती गेली असेल, ते विचारणाऱ्याने मनातल्या मनात हिशेब करून ठरवायचं.

या माणसाने कुठे दरोडा घातलेला नाही. त्याचा टीडीएस महिन्याच्या महिन्याला कापला जातो, डाउन पेमेंटसाठी त्याने एफडी मोडली आहे आणि पुढची सात वर्षं पगारातून हप्ता जाणार आहे. तरी पार्किंगमध्ये शेजारी भेटले की त्याचा हात चावी खिशात सरकवतो. ऑफिसात पहिले काही दिवस तो गाडी लांब लावतो. गावी जायचं ठरलं की वाटतं, जुनीच असती तर बरं झालं असतं. आनंद झालेला आहे, खरा आहे, पण त्यात कसलीशी बोच आहे.

मला ही बोच फार विलक्षण वाटते. अपराध कोणता ते माहीत नाही, फिर्याद कोणी केलेली नाही, आणि आरोपी मात्र आपणहून खुलासे देत सुटला आहे. हे असं का होतं याचा माग काढायला गेलं की मेक्सिकोतलं एक खेडं लागतं, कॅलिफोर्नियातला एक सिग्नल लागतो, हॉलंडमधली एक लॉटरी लागते. आणि वाटेत असंही लक्षात येतं की लोक काय म्हणतील याचा आपला अंदाज बऱ्याचदा चुकतो, आणि तो कुठे चुकतो हेसुद्धा ठरलेलं आहे.

आधी खुलाशांचंच पाहू. अनत कीनन, रान किवेत्झ आणि ओडेड नेत्झर या तीन संशोधकांनी २०१६ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चैनीची वस्तू घेताना मनाला लागणारी टोचणी एखाद्या छोट्याशा उपयोगी गुणाने कमी होते, असं त्यांना दिसलं. तो गुण फारसा कामाचा असायला पाहिजे असंही नाही. सांगता येण्यासारखा असला की पुरे. आपल्याकडे सध्या हे काम एअरबॅग करतात. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही गाड्यांची अपघात-चाचणी सुरू झाली, गाड्यांना तारे मिळू लागले, आणि सनरूफ घेणाऱ्यांच्या तोंडी ‘सेफ्टी’ आली. ‘फाइव्ह स्टार आहे ना, म्हणून घेतली. घरच्यांच्या जिवापुढे पैसा काय!’ यातला शब्दन् शब्द खरा असतो. एअरबॅग जीव वाचवतात. फक्त त्याच कंपनीच्या, तितक्याच ताऱ्यांच्या, चार लाखांनी स्वस्त मॉडेलचा विषय निघत नाही.

किवेत्झ यांचाच इटामार सायमनसन यांच्याबरोबरचा २००२ सालचा आणखी एक अभ्यास आहे. दुकानदार ग्राहकांना पॉइंट जमवायला लावतात आणि मग बक्षीस देतात, त्या योजनांवरचा. बक्षिसासाठी जितकी जास्त मेहनत करावी लागेल, तितके लोक उपयोगी बक्षीस सोडून चैनीचं बक्षीस मागतात. घाम गाळला की चैन करायचा हक्क मिळाला, असा मनाचा हिशेब. ‘वीस वर्षं नोकरी केली, आता एवढं तरी…’ हे वाक्य आपण ऐकलेलं असतं, बहुधा म्हटलेलंही असतं.

पण खुलासा गाडीलाच का लागतो? त्याच माणसाने तेवढ्याच पैशांचे म्युच्युअल फंड घेतले असते तर तो पार्किंगमध्ये खाली मान घालून चालला नसता. ओरी हेफेत्झ या अर्थशास्त्रज्ञाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकी लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता: तुमच्यासारखंच एखादं कुटुंब अमुक गोष्टीवर इतरांपेक्षा जास्त खर्च करत असेल, तर ते तुमच्या किती लवकर लक्षात येईल? अशा एकतीस गोष्टी होत्या. गाडी, सिगारेट, कपडे यादीच्या वर आले. आतले कपडे आणि तऱ्हेतऱ्हेचे विमे तळाला गेले. म्हणजे गाडी यादीच्या एका टोकाला आणि त्याच गाडीचा विमा दुसऱ्या टोकाला. सोनं लॉकरमध्ये राहतं, शेअर डीमॅटमध्ये राहतात, फ्लॅटचं दार लोटलं की आतलं इटालियन मार्बल दिसत नाही. गाडी मात्र रात्रंदिवस उघड्यावर उभी असते, आणि किंमत तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटात सापडते. आपल्या पगाराचा एवढा मोठा तुकडा आपण दुसरीकडे कुठेच असा चौकात मांडत नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात शंभरातल्या आठेक कुटुंबांकडेच मोटार आहे. महाराष्ट्रात नऊच्या आसपास. गोव्यात मात्र पंचेचाळीस! पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत राहणाऱ्याला हा आठचा आकडा खरा वाटत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर प्रत्येक फ्लॅटला एक आणि काहींना दोन गाड्या आहेत. पण गेट उघडणारा वॉचमन त्या उरलेल्या ब्याण्णवांत असतो, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी असतात आणि गावाकडचा चुलतभाऊही बहुतेक असतो. गाडीचा मालक दिवसातून अनेकदा या दोन जगांच्या सीमेवरून ये-जा करतो. सोसायटीत जी गाडी ‘ठीकठाक’, ती गेटच्या बाहेर ‘बाप रे!’.

न्यूयॉर्कमध्येही वेगळं नाही. रेचल शर्मन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या पन्नास सुखवस्तू पालकांशी लांबलचक गप्पा मारल्या आणि २०१७ साली त्यावर ‘अनइझी स्ट्रीट’ हे पुस्तक लिहिलं. त्यात एक आई आहे. घरी आणलेल्या वस्तूंवरची किमतीची लेबलं ती काढून टाकते, कारण मुलं सांभाळायला येणाऱ्या बाईच्या नजरेला ती पडू नयेत. पाव सहा डॉलरचा आहे, हे त्या बाईला कळलेलं हिला नको आहे. शर्मन यांना भेटलेल्या या मंडळींपैकी बऱ्याच जणांना स्वतःला श्रीमंत म्हणवून घेणं अवघड जात होतं. आपल्याकडे नाही का, जर्मन गाडीतून उतरून लोक म्हणतात, ‘आम्ही काय, मिडल क्लास!’ त्या बाई निदान लेबल तरी फाडू शकत होत्या. गाडीच्या नाकावरचं बोधचिन्ह कसं फाडणार?

स्वस्तात घेऊन ही टोचणी टाळता येते असं वाटत असेल, तर टाटांच्या नॅनोकडे पाहावं. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली तेव्हा एक लाखाची मोटार म्हणून जगभर वाहवा झाली. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, तिचं उत्पादन थांबलं. त्याची कारणं अनेक होती, पण ‘सगळ्यांत स्वस्त गाडी’ हा शिक्का तिला भोवला, हे रतन टाटांनी स्वतः बोलून दाखवलं होतं. स्कूटरवरून चौघांनी जाणाऱ्या कुटुंबासाठी ती बनवली होती, पण ‘परवडत नव्हती म्हणून ही घेतली’ असं दारात उभं राहून सांगणारी गाडी त्या कुटुंबालाही नको होती. महाग घेतली तर अपराधी वाटतं, फार स्वस्त घेतली तर लाज वाटते. मधल्या एका अरुंद पट्ट्यात सगळ्यांना आपल्या गाडीसाठी जागा हवी असते.

आता मेक्सिको. जॉर्ज फॉस्टर हा अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ त्झिन्त्झुन्त्झान नावाच्या खेड्यात वर्षानुवर्षं जात राहिला. (हे नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.) १९६५ साली त्याने एक कल्पना मांडली. जगातली प्रत्येक चांगली गोष्ट ठरावीक मापाची आहे, असं धरून या खेड्यातले लोक वागतात: जमीन, पैसा, आरोग्य, मानमरातब, माया, सगळं मोजकं. आकार वाढायचा नाही. मग एकाच्या ताटात जास्त पडलं, तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून आलेलं असणार. अशा गावात वर येणारा माणूस आपली बरकत लपवतो आणि बाकीचे ती ताडायला टपलेले असतात. मग एखाद्याची भरभराट लपेनाशी झाली, तर तिचं स्पष्टीकरण गावाबाहेरून यावं लागतं. फॉस्टरच्या गावात अशा वेळी पुरलेल्या खजिन्याच्या गोष्टी सांगत. आपल्याकडे दुसरं काय करतात? पाया खणताना अमक्याला मोहरांचा हंडा सापडला, ही कथा नसलेलं गाव महाराष्ट्रात शोधून दाखवावं.

हे वाचून शहरी वाचक म्हणेल, खेडवळ समजुती आहेत. मला वाटतं, मोटारीच्या बाबतीत या समजुतीला आपल्याकडे अलीकडेपर्यंत सरकारी अधिष्ठान होतं. १९८० च्या सुमारास भारतात वर्षाला पन्नास हजार मोटारीसुद्धा बनत नव्हत्या. मोटार म्हणजे मुख्यतः अँबेसेडर, नाहीतर मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजेच पद्मिनी. किती बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठीदेखील लोक आठ-दहा वर्षं रांगेत असत; मुलगी दहावीत असताना नंबर लावला तर लग्नाच्या सुमारास स्कूटर हातात, असा तो हिशेब. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींनी दिली, आणि मागणी एवढी होती की नोंदणी केलेल्यांची सोडत काढावी लागली. त्या काळात तुम्हाला गाडी मिळाली याचा अर्थ रांगेतल्या दुसऱ्या कोणाला तरी ती मिळाली नाही, असाच होता. माप ठरलेलं होतंच. वशिला, काळा बाजार, परदेशातून आलेलं चलन, यांतलं काहीतरी मागे असणार हा संशय नेहमीच चूक नसायचा.

आता वर्षाला चाळीस लाखांवर प्रवासी गाड्या देशात विकल्या जातात. तुम्ही घेतल्याने कोणाची कमी होत नाही. उलट विक्रेताच फोन करून भंडावतो. पण रांगेत उभे राहिलेले लोक अजून घरात आहेत. ‘एवढी मोठी कशाला घेतलीस? चारच माणसं तुम्ही!’ असं म्हणणारे वडील किंवा काका जळत नसतात. ते त्या जुन्या रांगेतून बोलत असतात, जिथे जास्तीचं घेणं म्हणजे कोणाचं तरी घेणं होतं. आणि आपणही त्यांच्याच घरात वाढलो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे आपल्याला सांगितलं गेलं. अंथरूण मोठं झाल्यावर पाय किती पसरायचे, त्याची म्हण कुणी शिकवली नाही.

जळण्याची भीती मात्र वेगळी, आणि फार जुनी. शोरूममधून गाडी बाहेर निघतानाच तिचा बंदोबस्त सुरू होतो. चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडायची, नारळ फोडायचा, बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक, बंपरला लिंबू-मिरची नाहीतर काळी बाहुली. मागच्या काचेवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. या शेवटच्या ओळीकडे आपण श्रद्धा म्हणून पाहतो आणि ती श्रद्धा असतेही. पण रहदारीत तुमच्या मागे उभा असलेला अनोळखी माणूस ती वाचतो तेव्हा तिचा आणखी एक अर्थ होतो: हे माझं एकट्याचं कर्तृत्व नाही, माझ्यावर राग धरू नका. लाखो रुपयांच्या गाडीच्या मागे पन्नास-शंभर रुपयांत चिकटवलेलं हे निवेदन मला फार हुशारीचं वाटतं.

आणि मग पेढे. गाडी आपण घ्यायची, पैसे आपले, हप्ता आपला, तरी दहा घरी पेढे आपणच वाटायचे. नील्स व्हान डे व्हेन या डच मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली नेमकं हेच प्रयोगशाळेत पकडलं. सहभागी माणसाला काही युरोंचं बक्षीस मिळालं, शेजारच्याला मिळालं नाही. काहींच्या बाबतीत बक्षीस त्यांच्या कामगिरीमुळे मिळालेलं दिसत होतं, काहींच्या बाबतीत ते आयतं वाटत होतं. मग त्या शेजारच्याच्या हातून खोडरबरं खाली पडली. आयतं मिळालेली माणसं, ज्यांना समोरचा आपल्यावर जळत असेल अशी भीती होती, ती खोडरबरं उचलायला जास्त पुढे झाली. दृष्ट लागण्याच्या भीतीने माणूस मदतीला धावतो, असा त्या लेखाचा निष्कर्ष. पेढ्याचा बॉक्स हातात घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो रागावेल, पण जिना चढतोय तो यासाठीही.

व्हान डे व्हेन यांच्या कामातला मला सगळ्यांत आवडलेला भाग पुढे आहे. हेवा दोन जातींचा असतो, असं ते दाखवतात. एकात ‘मलाही तसं हवं’ असतं, दुसऱ्यात ‘त्याच्याकडचं जावं’ असतं. कोणता जागा होणार, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: समोरच्याने ते कमावलंय असं बघणाऱ्याला वाटतं का. २०११ च्या एका अभ्यासात त्यांनी विद्यार्थ्यांना एका सहाध्यायाच्या आयफोनचा हेवा वाटेल अशी परिस्थिती उभी केली. त्याने तो कमावलेला आहे असं वाटलं, तेव्हा विद्यार्थी आयफोनला जास्त पैसे मोजायला तयार झाले. त्याची ती लायकी नाही असं वाटलं, तेव्हा ते ब्लॅकबेरीला जास्त पैसे मोजायला तयार झाले. आयफोनला नव्हे, दुसऱ्याच फोनला! हे वाचल्यावर मला सोसायट्यांमधल्या गाड्यांची मांडणी वेगळीच दिसायला लागली. शेजाऱ्याने तुमचंच मॉडेल घेतलं, तर त्याच्या लेखी तुम्ही ते कमावलं होतं. त्याने मुद्दाम दुसऱ्या कंपनीची, थोडी वरची गाडी घेतली आणि ‘त्या गाडीला सर्व्हिसचा प्रॉब्लेम आहे’ असं लिफ्टमध्ये सांगितलं, तर काय समजायचं ते समजावं.

आता कॅलिफोर्नियातला सिग्नल. १९६८ साली अँथनी डूब आणि अॅलन ग्रॉस यांनी पालो आल्टो आणि मेन्लो पार्क या गावांत केलेला एक खोडसाळ प्रयोग प्रसिद्ध केला. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवायची नाही आणि मागचा हॉर्न कधी वाजवतो ते मोजायचं. कधी पुढे चकचकीत क्रायस्लर इंपीरियल असायची, कधी गंजकी जुनी फोर्ड. खटाऱ्यामागच्या चौऱ्याऐंशी टक्के लोकांनी बारा सेकंदांच्या आत हॉर्न वाजवला. भारी गाडीमागच्या जेमतेम निम्म्यांनी. दोघांनी तर हॉर्नची वाट न पाहता खटाऱ्याला मागून धक्काच दिला. मौज पुढे आहे. संशोधकांनी विद्यार्थ्यांना कागदावर विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? मुलग्यांनी लिहिलं की भारी गाडी पुढे असती, तर आम्ही लवकर हॉर्न वाजवला असता. श्रीमंताला आपण दाखवून देऊ असं माणूस बसल्या जागी ठरवतो आणि रस्त्यावर त्याच्याच मागे गुपचूप थांबतो.

हे आपल्या गेटवरही घडतं. मोठी गाडी आली की अडसर लवकर वर जातो, आणि एखादा सलामही मिळतो. मालकाला जी बोच लागते ती बऱ्याचदा या सलामाची असते, आणि ती मला खोटी वाटत नाही. काल ऑल्टोतून येणाऱ्या याच माणसाला वॉचमन नाव-गाव विचारत होता.

लोक चांगलं काय म्हणतील, हा अंदाजही असाच उलटा पडतो. स्टीफन गार्सिया, किंबर्ली वीव्हर आणि पॅट्रिशिया चेन यांनी २०१९ साली सहा प्रयोगांचा निकाल मांडला. नवी मैत्री जोडायला जाताना बीएमडब्ल्यू किंवा भारी घड्याळ आपल्या उपयोगी पडेल, असं लोकांना वाटतं. ज्यांच्याशी मैत्री करायची त्यांना विचारलं, तर त्यांना होंडावाला आणि साध्या घड्याळाचा मित्र जास्त हवा असतो. आणि गंमत म्हणजे ही एकाच माणसाची दोन मतं असतात. दाखवणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की एक, बघणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की दुसरं.

अर्थात, बघणारा खरंच बघत असेल तर. कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोच्या चित्राचा, त्या वयात लाज वाटावी असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या किती जणांनी चित्र कोणाचं ते ओळखलं असेल? घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात ओळखलं होतं पाव लोकांनी. गाडी टी-शर्टपेक्षा मोठी असते हे मान्य, आणि सोसायटीतल्या पहिल्या दिवशी ती सगळे बघतात हेही मान्य. पण ज्यांच्या नजरेची आपण आठवडेच्या आठवडे धास्ती घेतो, त्यातले बरेच जण तेव्हा आपल्या स्वतःच्या पार्किंगचा विचार करत असतात.

मग सगळ्यांच्या नाही, पण काहींच्याच नजरेची बोच का टिकते? जूली एक्सलाइन आणि मार्सी लोबेल यांनी १९९९ मध्ये याची उकल केली, आणि ती इतकी सोपी आहे की वाचून चिडायला होतं. वरचढ ठरलेल्या माणसाला अस्वस्थ वाटायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. समोरचा आपली तुलना करतोय असं वाटलं पाहिजे. त्या तुलनेने त्याला दुखलंय असं वाटलं पाहिजे. आणि त्याच्या दुखण्याचं आपल्याला काहीतरी वाटत असलं पाहिजे. तिसरी अट नसेल तर नुसता तोरा उरतो. म्हणून महामार्गावरच्या अनोळखी माणसाच्या नजरेने काही होत नाही, आणि सख्खा भाऊ गाडीभोवती एक फेरी मारून ‘छान आहे’ म्हणून आत गेला की रात्री झोप लागत नाही.

अशा वेळी लोक लपवतात, आणि तिथे घोळ होतो. अॅनाबेल रॉबर्ट्स, एमा लिव्हाइन आणि ओव्हुल सेझर यांच्या अभ्यासात दिसलं की यश लपवणारा आपण समोरच्याचं मन जपतोय असं समजतो, पण समोरच्याला जेव्हा कळतं तेव्हा त्याला वेगळंच वाटतं: मला ऐकून सहन होणार नाही असं यानं ठरवलं? दुरावा गाडीने येत नाही, दुसऱ्याकडून कळल्याने येतो. भावाला बुकिंगच्याच दिवशी सांगितलं असतं, रंग कुठला घेऊ विचारलं असतं, तर तो शोरूमला आला असता. कदाचित ‘पांढरा घे, रीसेलला बरा’ असं म्हणाला असता, आणि वाद झाला असता. पण तो वाद परवडतो.

एवढं सगळं म्हटल्यावर, ही बोच म्हणजे निव्वळ भास, असं मी म्हणणार नाही. रायनर विंकेलमान यांनी २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गावांचा हिशेब मांडला: जिथे फेरारी आणि पोर्शे गाड्यांचं प्रमाण जास्त, तिथे लोक आपल्या उत्पन्नावर कमी समाधानी. दुसऱ्याच्या गाडीने खरंच काहीतरी दुखतं. त्याच वर्षी पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात झेब्रा क्रॉसिंगपाशी उभं राहून पाहिलं की भारी गाड्यांचे चालक पादचाऱ्यांसाठी कमी थांबतात. लास वेगासमध्येही २०२० साली असंच दिसलं, गाडी जितकी महाग तितका थांबण्याचा संभव कमी. आपल्याकडे असा अभ्यास करायचा तर आधी थांबणारी गाडी शोधावी लागेल. पण माझं मत विचाराल तर, नव्या गाडीबद्दल मनात थोडं अपराधीपण शिल्लक असेल तर ते पेढ्यांवर आणि खुलाशांवर खर्च करू नये; पांढऱ्या पट्ट्यांपाशी ब्रेक दाबायला वापरावं. वॉचमनला जुना स्वेटर देण्यापेक्षाही त्याचा उपयोग जास्त होईल.

राहता राहिली हॉलंडमधली लॉटरी. तिथे पोस्टकोड हाच तिकिटाचा नंबर असतो, आणि एका पोस्टकोडात साधारण वीसेक घरं येतात. कोड निघाला की त्या गल्लीत तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला तेव्हा तिकिटामागे साडेबारा हजार युरो मिळायचे, आणि एकाला नवी कोरी बीएमडब्ल्यू. ज्याने तिकीट घेतलं नाही तो खिडकीतून बघायचा. पीटर कून आणि तीन अर्थशास्त्रज्ञांनी या गल्ल्या धुंडाळल्या आणि २०११ साली निकाल छापला. गाडी कोणाला द्यायची ते इथे नशिबाने ठरवलेलं. मेहनत नाही, वशिला नाही, हंडासुद्धा नाही. त्यामुळे गाडीचा शेजाऱ्यांवर होणारा परिणाम निखळ मोजता येत होता.

बीएमडब्ल्यू जिंकलेल्यांपैकी बहुतेकांनी ती ठेवलीच नाही, तिचे पैसे करून टाकले. आणि विजेत्यांच्या शेजारच्या दारातले लोक, ज्यांनी तिकीट घेतलं नव्हतं आणि ज्यांच्या खात्यात एक युरोही आला नव्हता, त्यांचा गाड्यांवरचा खर्च इतर गल्ल्यांतल्या त्यांच्यासारख्यांपेक्षा वाढलेला निघाला. त्यांनी तो कुठून केला असेल, कर्ज काढलं असेल की सुट्टीतला प्रवास रद्द केला असेल, कोण जाणे. पण पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत हेच घडलं, तर दोन वर्षांत तुमच्या गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूला तिच्याच तोडीच्या दोघी-तिघी उभ्या राहतात, वॉचमन सगळ्यांनाच सारखा सलाम करायला लागतो, आणि मग तुमच्याकडे पाहायला कोणाला वेळ नसतो, कारण चौथ्या मजल्यावरच्याने इलेक्ट्रिक बुक केली आहे आणि लिफ्टमध्ये तो सगळ्यांना सबसिडी समजावून सांगतो आहे.